धाकटीचा कॉम्प्युटर मुका झाला तेव्हा

धाकटीला जन्मापासून दिसत नाही, पण त्याचं रडगाणं गायला तिला वेळ नाही. तिचा कॉम्प्युटर पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचतो, ती कीबोर्डवरून हुकूम सोडते आणि दोघांचं छान जमतं. त्याच जोरावर तिने कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीत नोकरी पटकावली. घरी बसून अडलेल्या ग्राहकांचे फोन घ्यायचे. मोठ्या जाऊबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “कशाला हा उपद्व्याप? आम्ही काय उपाशी ठेवतोय तुला?” ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

आणि नेमका पहिल्याच दिवशी कॉम्प्युटर मुका झाला. सकाळी अपडेट आपोआप झालं आणि आवाज गुल. दहाला कामावर हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. त्या वेळी घरात पाहू शकणाऱ्या एकट्या जाऊबाईच होत्या.

“वहिनी, बटणं मी दाबते. तुम्ही फक्त दिसेल ते वाचा.”

धाकटीने डिव्हाइस मॅनेजर उघडलं. कॉम्प्युटरचे सगळे अवयव तिथे एका जागी दिसतात. जाऊबाईंनी चष्मा पुसून वाचायला घेतलं, मधूनमधून पडद्यावरच्या धुळीचाही उद्धार केला. बिघाड काही सापडेना. धाकटीला रडू यायचंच बाकी होतं.

“अक्षरांशिवाय काहीच नाही? एखादी खूण?”

“ऑडिओशेजारी पिवळा त्रिकोण आहे. पण ती नक्षी आहे गं, म्हणून नाही सांगितलं.”

“वहिनी!” धाकटी खुर्चीतच उडाली. “तेच तर दुखणं आहे! मी बाणाचं बटण दाबत खाली जाते, त्या नावावर रंगीत पट्टी आली की मला थांबवा.”

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्यामधला दुभाष्या, आणि नव्या अपडेटने त्याचीच दातखीळ बसवली होती. धाकटी त्याला काढून टाकायला निघाली तशी जाऊबाईंनी तिचा हात धरला.

“अगं, आहे तेही घालवशील!”

“घालवायचंच आहे. पुन्हा चालू होताना कॉम्प्युटर स्वतःच चांगला ड्रायव्हर बसवून घेईल.”

कॉम्प्युटर बंद झाला, पुन्हा चालू झाला. आणि तो बोलला! इतका भरभर, की जाऊबाईंना ओ की ठो कळेना. धाकटीला मात्र शब्द न् शब्द कळत होता. तिने जाऊबाईंना घट्ट मिठी मारली आणि दहाच्या आत हेडफोन चढवला.

पहिलाच फोन एका वैतागलेल्या आजोबांचा. त्यांच्या कॉम्प्युटरमधून कालपासून आवाजच येत नव्हता.

“काळजी नको, आजोबा,” धाकटी हसून म्हणाली. “मी सांगते ते उघडा. ऑडिओशेजारी पिवळं काही दिसतंय का?”

स्वयंपाकघराकडे निघालेल्या जाऊबाई दारातूनच ओरडल्या, “नक्षी समजून सोडू नका म्हणावं!”