शेतकरी दिनाला डूफीमावशी

आमच्या आसुआनो गावात सरकारी सुट्टी येते ती मी शिकवते त्या शाळेच्या मैदानावरच. सहा मार्चला स्वातंत्र्यदिनाची कवायत, एक मेला ड्रायव्हर लोकांची मिरवणूक आणि डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी शेतकरी दिन. बाकीच्या सुट्ट्या एखाद्या वर्षी फिक्या पडतील, शेतकरी दिन कधीच नाही. अख्खं गाव कोकोच्या बागांवर जगतं. त्या दिवशी मैदानात मांडव पडतात, कुमासी शहरातून बँड येतो, गावचे प्रमुख रंगीत छत्रीखाली बसतात आणि तालुक्यातल्या चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं मिळतात. कुणाला कोयते आणि गमबूट, कुणाला फवारणीचा पंप, पहिल्या नंबरला मालवाहू तीनचाकी.

डूफीमावशी माझ्या शेजारी राहायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, तोंडानं फटकळ. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या जमिनीवर नुसतं रान होतं. बादूकाका, त्यांचे यजमान, झाडं तोडायचे, आणि मावशी मागोमाग केळी लावत जायच्या, कारण कोकोच्या रोपाला कोवळेपणी सावली लागते. ओढ्याचं पाणी डोक्यावरून वाहिलं ते त्यांनीच. बाग भरात आली आणि रोग पडला. सरकारी माणसं म्हणाली, सगळी झाडं तोडा. मावशी त्या दिवशी घरात कुणी गेल्यासारख्या रडल्या. दुसऱ्या पावसाला पुन्हा केळी, पुन्हा रोपं. काकांना तोवर दम्यानं धरलं होतं. झाडाखाली बसून ते शेंगा फोडायचे आणि गोष्टी सांगायचे.

बाग पुन्हा भरात आली त्या वर्षी शेतकी साहेब बक्षिसासाठी बागा बघत फिरत होते. बादूकाकांची बाग ते पार टोकापर्यंत फिरून आले. मग म्हणाले, "काका, यंदा पहिला नंबर तुमचाच."

"माझं नाव कशाला लावता? हिचं लावा," काका म्हणाले. "मी सावलीत बसून नुसत्या शिव्या खातो."

"जमीन तुमची, तेव्हा नाव तुमचंच लागणार."

"लागू दे हो साहेब," मावशी म्हणाल्या. "तीनचाकी मी चालवीन. हे मागे पोत्यांवर बसतील. जास्त बडबड केली तर ओढ्यापाशी उतरवीन."

काका खोकला येईपर्यंत हसले.

बक्षिसाला दोन-अडीच महिने उरले असताना काकांना ताप भरला आणि आठवड्यात ते गेले. सुतकाच्या लाल-काळ्या कापडातली माणसं ट्रक भरभरून आली. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर कुळाचे वडीलधारे बसले. आमच्या अकान लोकांत माणूस आईच्या कुळाचा. बापाची मिळकत पोरांकडे जात नाही, बहिणीच्या पोराकडे जाते. मामाचा वारस भाचा. काकांचा भाचा आमोआको कुमासीत जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा. लहानपणी सुट्टीत मामाकडे यायचा, मावशींच्या हातचं खाऊन परत जायचा.

कुळाचे थोरले, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी सांगितलं, "बादूची बाग आमोआकोची. डूफीनं घरात राहावं, तिला कुणी हलवणार नाही."

मावशींची लेक सेरवा उठून उभी राहिली. "नाना, आता कायदा आहे. बायकोला, पोरांना वाटा द्यावा लागतो."

"कायदा राजधानीत राहतो, पोरी," नाना म्हणाले. "इथे आम्ही राहतो."

सेरवा आणखी बोलणार होती. मावशींनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "बापाच्या दिवसांत भांडण नको. तो ऐकत असेल."

शेतकरी दिन आला. वर्षभर काळं नेसणाऱ्या विधवेनं मांडवात, बँडपुढे बसू नये अशी रीत आहे. मावशी मैदानाच्या कडेला, शाळेच्या भिंतीपाशी माझ्याजवळ उभ्या राहिल्या. भोंग्यावरून नाव आलं, "पहिला क्रमांक, दिवंगत क्वाकू बादू!" सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. पुढच्या रांगेतून आमोआको उठला. नवं कापड अंगावर घेतलेला, घामेजलेला.

मागच्या बाया कुजबुजल्या. एक जण मोठ्यानं म्हणाली, "अगं, विचारा त्याला, कोको झाडाला लागतो का जमिनीत?" हशा पिकला. आमोआकोनं ऐकलं असावं. माईक हातात आल्यावर त्यानं मामाचे आभार मानले, साहेबांचे मानले, प्रमुखांचे मानले, आणि खाली बघत थांबला. मामीचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. फोटोवाला ओरडला, "वारलेल्यांच्या मंडळींनाही बोलवा!" मावशी गेल्या. तीनचाकीच्या एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला काळ्या कापडातली मामी. फोटो निघताना त्या त्याच्याकडे वाकून काहीतरी बोलल्या.

घरी जाताना मी विचारलं, "काय म्हणालात त्याला?"

"म्हटलं, ओढ्याकडच्या झाडांच्या शेंगा काळ्या पडतायत. याच आठवड्यात तोडून टाक, नाताळची वाट बघत बसू नकोस."

"आणि तो?"

"हो मामी म्हणाला. मग विचारतो कसा, ओढा कुठल्या बाजूला?"

त्यांना हसू आलं आणि तसंच अर्ध्यात थांबलं.

पुढे आमोआकोनं त्यांना सुचवलं, बाग तुम्हीच बघा, तिसरा हिस्सा तुमचा. परमुलखातून आलेले मजूर आमच्याकडे याच बोलीवर काम करतात. सेरवा संतापली. "स्वतःच्या बागेत गडी होणार तू?" मावशी म्हणाल्या, "झाडांना काय कळतं मालक कोण ते? त्यांना वेळेवर कोयता लागतो." आणि त्या जात राहिल्या. गुरुवारी रीतीनं जमिनीला विसावा, तेवढा दिवस सोडून रोज.

त्यानंतरच्या वर्षी नदीकाठानं सोनं शोधणारे आले. चोरून खणणारेच, पण मोठाली यंत्रं घेऊन. कुमासीतलं दुकान बुडालेल्या आमोआकोनं पैशांसाठी बाग त्यांना खणायला देऊन टाकली. मावशींना कुणी सांगितलंही नाही. आमची सहा मार्चची तालीम चालू होती, मैदानात ढोल वाजत होते, मोठी मुलं पाय आपटत होती. मी वर्गात लहानांना पाढे म्हणवून घेत होते. दारात मावशी दिसल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कोयता.

"काय झालं, मावशी?"

त्या आत आल्या, शेवटच्या बाकावर एका छोट्या मुलीशेजारी बसल्या आणि कोयता पायाशी ठेवला. पोरं माझ्याकडे बघू लागली. मी पाढे चालू ठेवले. शाळा सुटेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "बाई, झाडं मुळांसकट उपटतात. एका वेळी दोन-दोन."

त्या वर्षीच्या शेतकरी दिनाला मी मैदानावरून लवकर परतले. मावशी ओसरीवर कसाव्याचे कंद सोलत बसल्या होत्या. समोर आमोआको उभा. वाळलेला, दाढी वाढलेली. त्यांनी त्याला बसायला स्टूल दिलं, प्यायला पाणी दिलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काय काम काढलंस?"

"काही नाही, मामी. तुम्ही बोलत नाही माझ्याशी. शिव्या तरी द्या."

"शिव्या खायला तुझा मामा पाहिजे. तो गेल्यावर माझ्या शिव्याही संपल्या."

तो रडायला लागला. मावशींनी त्याला रडू दिलं. भांड्यातला कसावा शिजला तेव्हा म्हणाल्या, "डोळे पूस आणि मुसळ धर. माझे खांदे आता उचलत नाहीत." तो जेवणातल्या फुफूसाठी कसावा कांडत राहिला, त्या उखळातला गोळा हातानं परतत राहिल्या. मैदानावरून भोंग्याचा आवाज येत होता, कुणाचं तरी नाव पुकारत होते. दोघांपैकी कुणी तिकडे मान वळवली नाही. जेवताना मात्र मावशींनी आपल्या वाडग्यातला माशाचा तुकडा त्याच्या वाडग्यात टाकला.

त्यांनी त्याला माफ केलं की काय, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाल्या, "भुकेला आला होता, बाई."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. आजार असा काही नव्हता. जेवण कमी होत गेलं, पहाटे उठणं थांबलं. त्या गेल्यावर त्यांच्या आईच्या कुळाची माणसं ट्रक घेऊन आली. बाईला तिच्या कुळाची माणसं नेतात, नवरा त्याच्या कुळाच्या मातीत असतो. सेरवानं नानांना विचारून बघितलं, आईला बाबांशेजारी ठेवता येईल का. नाना या वेळी कठोर बोलले नाहीत. नुसती नाही म्हणून मान हलवली.

आमोआको ट्रकमध्ये शवपेटीजवळ बसला, वाटभर पेटीवर हात ठेवून.

आता सेरवा कुमासीत शिवणकाम करते. तिला रजा मिळणं कठीण, म्हणून ती शेतकरी दिनाच्या सुट्टीलाच येते. सकाळी इथे बापाच्या थडग्यावरचं गवत काढते, माझ्याकडे चहा घेते आणि लगेच निघते. आईच्या गावाला पोचेपर्यंत दुपार टळते.