शेवटच्या मेंढ्यासाठी स्थळ घेऊन वैजापूरला

लोक वेरूळला लेणी बघायला जातात, मी मेंढी आणायला गेलो. झालं असं, की वैजापूरजवळ राहणाऱ्या माझ्या सोजरआत्याकडे जुन्या काळ्या, लोकरीच्या जातीचा एक मेंढा उरला होता. आम्ही धनगर. लोकर कुणी घेईना, म्हणून आमच्या सगळ्या पाहुण्यांनी मटणाच्या, बिनलोकरीच्या मेंढ्या धरल्या. असा दुसरा नर आमच्या भागात कुणाकडेच नव्हता. तो म्हातारा झाला होता, आणि तो जायच्या आत त्याचं एक तरी कोकरू व्हावं एवढाच आत्याचा ध्यास. वेरूळच्या पुढच्या वस्तीवर एक काळी मेंढी असल्याचं कळलं आणि मी शेजारच्या रशीदभाईंचा छोटा टेम्पो ठरवला.

श्रावणात जाणार असाल तर शहरातल्या आमच्या मुकुंदवाडीहून उजाडताच निघा. घृष्णेश्वराची गर्दी सुरू झाली की दौलताबादच्या दरवाजात गाड्या अडकतात. वेरूळला गरम भजी खाल्ली, मेंढी चढवली आणि कसाबखेड्यावरून देवगावचा रस्ता धरला. खड्डे आहेत, पण दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी इतकी हिरवी, की शिव्या द्यायचं राहून जातं. मेंढी मात्र शिऊरपर्यंत ओरडत होती. तिथं पिठलं-भाकरी झकास मिळते, दोघांचं दोनशेत भागतं.

"कुठं निघाली सवारी?" हॉटेलवाल्यानं टेम्पोत डोकावून विचारलं.

"सासरी," रशीदभाई म्हणाले. "लडकी पसंत पडली तर ठीक, नाय तर परतीचं डिझेल कोन देनार?"

आत्याच्या वस्तीवर पोचलो तेव्हा मेंढा बाभळीखाली बसला होता. आत्यानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. सरळ मेंढीजवळ आली आणि तिच्या अंगात बोटं खुपसली. मान, पाठ, मग पोट. पोटाशी हात थांबला.

"हिची आई आपल्यातली व्हती," ती म्हणाली. "बाप नाय. हितं बघ, लोकर नाय, नुसते केस."

माझं तोंडच उतरलं. एवढ्या लांबून मिरवत आणली आणि निघाली मिसळीची!

"परत नेऊ का?"

मेंढा गुडघ्यांवर जोर देत कसाबसा उठला होता. आत्यानं आता कुठं त्याच्याकडे पाहिलं.

"अर्धी तर अर्धी. सोड तिला."

तो हळूहळू आला, मेंढीला हुंगून, माजावरच्या मेंढीपाशी मेंढे करतात तसा ओठ वर करून उभा राहिला. "चलो मियाँ, आपन च्या पिऊ," म्हणत रशीदभाईंनी मला घरात ओढलं.

मेंढी आत्याकडेच ठेवून येताना लासूरमार्गे आलो, तो रस्ता बराच बरा आहे. मेंढी मिसळीची निघाली म्हणून रशीदभाईंनी दोनदा माझी समजूत घातली, मग रेडिओ लावला.

संक्रांतीच्या तोंडावर आत्याचा फोन आला.

"कोकरू झालं. काळंभोर हाये."

"आणि लोकर?"

"मानंवर लई हाये. पाठीवर बी. पोटावर नाय."

मेंढा कसा आहे विचारलं.

"तो दिवाळीतच गेला रं. तुला सांगितलं असतं तर रडत आला असतास. हितं गाभण मेंढी, मी तुला बघू का तिला?"

मला खरंच रडू आलं.

"ऐकतोस ना?" आत्या म्हणाली. "येताना शहरातून लोकर कातरायची कातर घेऊन ये. हितं कुणाकडंच राहिली नाय."