अंदमानची लाल मिरची

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा आईचंही तिकीट काढलं होतं. पण गावी इंझोरीला वावरात सोयाबीन वाळून कापणीला उभं, आणि सोंगणी टाकून समुद्र पाहायला जाणं काही तिला पटेना. मला इतका राग आला की दोन दिवस बोललेच नाही. निघताना तिचाच फोन आला.

"शिंपले-गिंपले काही आनू नको मले. तिथलं बी आन."

आईची ही जुनी खोड. लग्नाला जाओ की दवाखान्यात कुणाला भेटायला, येताना पदराच्या गाठीत बी असणारच. परसातला दोडका जऊळक्याच्या लग्नातला, वाल किन्हीराजाच्या मामीकडचा. ती स्वतः आली नाही, निदान तिथलं रोप तरी तिच्या परसात लागावं असं मला फार वाटत होतं.

आता मी खरेदीला निघाले की मला आवरणं कठीण. शेवटच्या दिवशी बाजारात शिरले आणि हरखूनच गेले. शंखांचे दिवे, शिंपल्यांची तोरणं, करवंटीची माकडं, मोत्यांच्या माळा. जावेला माळ, नणंदेला तोरण, माझ्या शाळेतल्या सोबतच्या बायकांना की-चेन. नवऱ्याच्या दोन्ही हातांत पिशव्या लटकल्या, तरी मी आपली पुढच्या दुकानात. शेवटी त्यानंच विचारलं, आईच्या बियाचं काय?

ते मी विसरलेच होते. सकाळी विमान होतं. एका दुकानदारानं बियांची पाकिटं दाखवली, पण तीच पाकिटं आमच्या वाशिमच्या कृषी केंद्रातही लटकलेली असतात. मी तडक भाजीबाजार गाठला.

तिथे एका म्हाताऱ्या बाईपुढे बोटाच्या पेराएवढ्या मिरच्यांचा ढीग होता. एक चावून पाहिली नि डोळ्यांतून पाणी आलं. हेच न्यायचं! पण ढीग सगळा हिरवागार, आणि हिरव्या मिरचीचं बी उगवत नाही. मी तिला वाशिमच्या हिंदीत म्हटलं, लाल झालेल्या, सुरकुतलेल्या, कुणी घेत नाही अशा द्या. तिला वाटलं, या बाईला भाजीतलं काही कळत नाही. ती मला ताज्या ताज्या निवडून देऊ लागली. मी त्या परत ठेवायची, ती पुन्हा उचलायची. नवरा लांब उभा राहून हसत होता. शेवटी मी मूठ उघडून माती उकरल्यासारखं केलं, वर दोन बोटं उगवल्यासारखी धरली आणि म्हटलं, "माँ के लिए. माँ खेती करती है."

ती थांबली. मग बसल्या पोत्याखालून तिनं कागदाची पुडी काढली. आत लालभडक, वाळत आलेल्या मिरच्या. तिनं स्वतःच्या बियासाठी राखलेल्या. त्यातल्या अर्ध्या तिनं माझ्या ओंजळीत ओतल्या आणि पैशाला हात लावेना. हॉटेलच्या सपक जेवणावर उतारा म्हणून पर्समध्ये जवसाच्या चटणीची डबी होती, ती तिच्या हातात ठेवली. तिनं तिथेच चिमूटभर तोंडात टाकली आणि मान डोलावली. मोत्यांच्या माळेनं झाला नव्हता एवढा आनंद मला त्या पुडीनं झाला.

आईनं फुटक्या घमेल्यात बी टाकलं. निम्मंच उगवलं, पण उगवलं. पुढे रोपांना मिरच्या लागल्या तेव्हा तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. आपल्या मिरच्या खाली लोंबतात, या ताठ वर तोंड करून उभ्या. आई घमेल्याशेजारी कितीतरी वेळ बसून होती. समुद्र केवढा असतो, विमानात कान दुखतात का, ती बाई कोणत्या मातीत मिरची लावते, सगळं तिनं आत्ता विचारलं.

मग मिरचीवरून बोट फिरवत म्हणाली, "निम्मं बी वाया गेलं. तुले निवडता येत नाही. पुढच्या खेपेले मीच येतो."

मी विचारलं, सोंगणीचं काय?

"सोंगनी दरसालच राह्यते," आई म्हणाली.