सुलभाताईंनी स्वतः कापलेला शॉट

लॅपटॉपवर सुलभाताईंचं नाव झळकलं, तेव्हा मी सवयीनं हेडफोन चढवले आणि म्हटलं, "बोला, आज कुणावर कात्री?" पलीकडे त्यांची मुलगी इरा होती. "मेधाताई, आई पहाटे गेली..." त्याला आता महिना उलटून गेला. माझं रडून झालंय. मला लिहायचंय ते त्यांच्या जिंकण्याबद्दल, कारण ही बाई हरून गेलेली नाही.

सुलभाताई माहितीपट करायच्या आणि मी त्यांची संकलक. त्या पुण्याच्या शनिवार पेठेत, मी पार शहराच्या टोकाला वाघोलीत. कसबा पेठेतल्या तांबटांवरच्या फिल्मचं चित्रीकरण संपलं आणि फुप्फुसाच्या आजारानं त्यांना घरात डांबलं. हाती थोडेच महिने आहेत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "तेवढे पुरतील," त्या मला म्हणाल्या, "फक्त फिल्म माझ्या डोळ्यांदेखत पुरी झाली पाहिजे." मग मी माझा स्क्रीन त्यांना शेअर करायचा आणि त्यांनी पलंगावरून "काप" म्हणायचं, असं काम सुरू झालं. पहिले काही दिवस त्या स्वतःच्या लॅपटॉपवर बोट ठेवून "इथे गं, इथे!" म्हणायच्या. मला नुसती नखाची टकटक ऐकू यायची. चित्र अडकलं की विचारायच्या, "तुमच्या वाघोलीला पाण्यासारखं नेटसुद्धा टँकरनं येतं का?"

खरा घोळ निराळाच झाला. चित्र त्यांच्यापर्यंत किंचित उशिरा पोचायचं, त्यांचं "काप" माझ्यापर्यंत आणखी उशिरा यायचं, आणि मी आपली आज्ञाधारकपणे ऐकू येईल तिथे कापत राहिले. पहिला भाग सलग पाहून त्यांचा फोन आला. "अगं, सगळी फिल्म जांभया देतेय!" इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली होती. मला रडू कोसळलं, त्या मात्र खोकत खोकत हसत सुटल्या. तोडही त्यांनीच काढली. तांबटाच्या हातोडीचे ठोके मोजायचे आणि मला आधीच सांगायचं, "चौथ्या ठोक्यावर काप." नेटनं कितीही लोळण घेतली तरी चौथा ठोका चौथाच! फिल्म जी पळायला लागली, ती शेवटच्या शॉटपर्यंत थांबली नाही.

तिथे मात्र आमची जुंपली. म्हातारे बाबूकाका तांबट हंडा पुरा करून हातोडी खाली ठेवतात, तिथे फिल्म संपवावी असं माझं म्हणणं. ताईंचं आपलं एकच, "नाही गं, थांब जरा..." कुठे थांबू, तर सांगायला आता ठोका नव्हता. वैतागून मी म्हटलं, "अहो, मग तुम्हीच कापा," आणि माउसचा ताबा त्यांच्याकडे दिला. आयुष्यात त्यांनी स्वतः एकही कट मारलेला नव्हता. माझ्या स्क्रीनवर बाण सुसाट धावला, त्यानं नको त्या दोन खिडक्या बंद केल्या, मग कसाबसा जागेवर आला. शॉट पुढे सरकला. बाबूकाकांनी वर पाहिलं, कॅमेऱ्यामागच्या ताईंना म्हणाले, "झालं ना बाई? चहा टाकू?" आणि सुलभाताईंनी कापलं. "संपली फिल्म," त्या म्हणाल्या. त्यांना दम लागला होता.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती तांबटांच्याच गल्लीत, भिंतीवर चादर ताणून. सुलभाताई माझ्या फोनवर होत्या, नाकात नळी आणि अंगावर नवी साडी. बाबूकाकांचं वाक्य आलं, पडदा काळा झाला आणि अख्खी गल्ली हसत ओरडली, "टाका, टाका!" टाळ्या थांबेचनात. मी फोन उंच धरला. ताई काहीतरी ओरडून सांगत होत्या, म्हणून कानाला लावला. "मी म्हणत नव्हते?" एवढंच ऐकू आलं. मला इतका आनंद कुठल्याच कामानं दिलेला नाही.

त्या कटमध्ये एक खोट आहे. "टाकू"चा शेवट जरासा तुटलाय. परवा एका महोत्सवासाठी फिल्म पाठवली, तर तिथल्या तंत्रज्ञाचा फोन आला. तेवढं नीट करून घेऊ का, त्यानं विचारलं.

"नको हो," मी म्हटलं, "तिथे आमच्या सुलभाताई बसल्यात."