नऊ नंबरची खोड

मिस्त्रींना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत त्यांनी घरातलं एकही यंत्र सुखाने जगू दिलं नव्हतं. शिवणयंत्र उघडून पुन्हा जोडलं, तेव्हापासून ते फक्त उलटं शिवत होतं. भिंतीवरचं घड्याळ "जरा तेल देतो" म्हणून उतरवलं, ते अजून डब्यातच होतं. तोफा दुरुस्त करण्यात ज्या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याच्यापुढे घरातला पंखासुद्धा नांगी टाकायचा. त्यामुळे तोफांच्या डेपोतून पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा खरा आनंद झाला तो त्यांच्या बायकोला.

"जा हो," ती म्हणाली. "माझं शिवणयंत्र तरी वाचेल."

समुद्रापलीकडच्या मित्रदेशात युद्ध पेटलं होतं आणि त्याला बारा तोफा द्यायचं ठरलं होतं. नव्या नव्हेत, मिस्त्रींच्या उमेदीच्या काळातल्या. शेजारचा दुकानदार त्यांना तोंडावर म्हणाला, "मित्राच्या गळ्यात भंगार बांधताय का?" मिस्त्रींना ते फार लागलं. आपल्या म्हातारीला कोणी म्हातारी म्हटलं की जे वाटतं, तेच वाटलं.

डेपोच्या साहेबांनी मात्र पहिल्याच दिवशी नीट समजावलं. "नव्या दिल्या तर शिकण्यातच सहा महिने जातील, मिस्त्री. या तोफा त्यांच्याकडे आपल्याइतकीच वर्षं आहेत. त्यांची माणसं डोळे मिटून चालवतात. निम्म्या मोडल्या, म्हणून आपल्या मागितल्या. सहा आठवड्यांत बारा तयार हव्यात आणि हे काम येणारं आता माझ्याकडे कोणी उरलेलं नाही."

मिस्त्री कामाला लागले. शेडमध्ये शिरताच तेलाचा आणि तापलेल्या रंगाचा वास आला आणि त्यांचे गुडघे दुखायचे थांबले. एकेक तोफ उघडून, पुसून, मोजून, पुन्हा जोडून ते तिच्या वहीत सही करत. प्रत्येक तोफेला अशी एक जाडजूड वही असते. ती कधी बनली, किती गोळे तिने उडवले, कुठला भाग कधी बदलला, सगळं त्यात असतं. माणसाची आई जेवढं लक्षात ठेवते, तेवढं ती वही ठेवते.

नऊ नंबरच्या वहीत मात्र एक गोष्ट नव्हती आणि ती एकट्या मिस्त्रींना ठाऊक होती.

तोफ उडाली की तिची नळी जोराने मागे येते. तो धक्का पचवायला खाली तेलाने भरलेलं नळकांडं असतं आणि त्यात एक दट्ट्या. अकरा वर्षांपूर्वी नऊ नंबरचा दट्ट्या अडकून बसला. तो ओढून काढायचं अवजार दुसऱ्या शेडमध्ये होतं, मिळायला दोन दिवस लागणार होते आणि मिस्त्रींना घाई होती. त्यांनी लोखंडी सळई लावून हातोडा हाणला. सळई सटकली आणि नळकांड्याच्या आत वीतभर ओरखडा पडला. मिस्त्रींनी तो पॉलिश पेपरने घासला, तेल भरलं, तपासलं. गार तोफेत काहीच गळलं नाही. त्यांनी सही केली.

त्याच महिन्यात वार्षिक चाचणी झाली. चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या गोळ्याला तापून पातळ झालेलं तेल त्या ओरखड्यातून निसटलं आणि नळी नेहमीपेक्षा वीतभर जास्त मागे आली. मागे मिस्त्रींचा जोडीदार उभा होता. दोघे एकाच दिवशी कामाला लागलेले, तो तोफ चालवायचा, हे दुरुस्त करायचे. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी पाच गोळे उडवून पाहिले. पाचही वेळा नळी बरोबर खुणेपर्यंत आली. मग शेरा पडला, की तोफ ठीक आहे, तोफची लाल रेषेच्या, म्हणजे नळी मागे येते तिथवर आखलेल्या धोक्याच्या खुणेच्या, आत उभा होता. त्याला तोफेवरून काढून फाटकावर बसवलं. मिस्त्री चौकशीला होते आणि मूग गिळून बसले होते.

पुढे तोफ चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की तीस गोळे झाले की ही बया जास्त मागे येते. त्यांनी तिचं नाव मावशी ठेवलं. "मावशीला दम लागला," म्हणून तासभर थांबायचे. वय झालं, असंच सगळे समजत. मिस्त्रीही तेच म्हणत, आणि इतक्या वेळा म्हणत, की अधूनमधून त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायचं.

आणि तसं बघितलं तर मावशीने आजवर मारलं होतं काय? समोरच्या टेकडीवरचे दगड. आता ती जिथे जाणार होती, तिथे समोर माणसं असणार होती आणि तिच्या मागेही. हा विचार मिस्त्री करत नव्हते असं नाही. ते तो तेलकट फडक्यासारखा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत होते.

तोफा जायच्या आदल्या दिवशी त्या ताब्यात घ्यायला मित्रदेशाचा तोफची आला. पन्नाशीचा, बारीक, दोन्ही कान भाजून निघालेले. तरुणपणी त्याने याच डेपोत शिक्षण घेतलं होतं, म्हणून मोडकीतोडकी भाषा येत होती. पहिल्या तोफेपाशी गेला आणि न बघता हात घालून त्याने तिचं मागचं दार उघडलं. मिस्त्रींना माणूस तिथेच आवडला.

तोफ एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा कागद असतातच, पण घेणारा देणाऱ्याला तोंडी एक प्रश्न हमखास विचारतो. हा रिवाज दोन्ही देशांत सारखाच होता.

"हिची खोड?" पाहुण्याने विचारलं.

"ही डावीकडे ओढते. केसभर. सवय झाली की कळत नाही."

"आणि ही?"

"हिचं दार तापलं की रुसतं. थापट मारायची, इथे."

अशा आठ झाल्या. मिस्त्री खुशीत होते, नातवंडांचं कौतुक करावं तसे बोलत होते. मग नऊ नंबर आली.

"हिला तीस गोळ्यांनंतर विश्रांती द्या," मिस्त्री म्हणाले. "जरा जास्त मागे येते."

"किती जास्त?"

"वीतभर."

"का?"

"वय."

पाहुण्याने नळीवर हात ठेवला. "माझ्या चार तोफा हिच्यापेक्षा म्हाताऱ्या होत्या. मागे येत नव्हत्या." मग शांतपणे म्हणाला, "तीस झाले म्हणून समोरचा थांबत नाही, मिस्त्री. कारण माहीत असेल तर सांगा. आमच्याकडे मोडलेल्या तोफांची चांगली नळकांडी पडली आहेत. बदलायला अर्धा दिवस. पण आमचे मिस्त्री वहीत लिहिलं नसेल तर आत हात घालत नाहीत. वही ठीक म्हणते, तर ठीक. ही सही तुमची?"

"माझीच."

"हिच्यावर पाच जण असतील. डावीकडे मागे उभी राहणारी माझी विद्यार्थिनी आहे. युद्धाआधी मी फौज सोडून शाळेत गणित शिकवायचो." एवढं बोलून तो दहा नंबरकडे वळला.

मिस्त्री संध्याकाळी घरी आले आणि जेवायच्या आधीच त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. अकरा वर्षं पोटात ठेवलेलं सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"लिहा ते," ती म्हणाली. "त्यात विचारायचं काय?"

"नाव जाईल. आयुष्यभर कमावलेलं."

"त्याचं नाव गेलं, ते कुणी कमावलेलं होतं?" तिने मांडीवरची घडी मोडून पुन्हा घातली. "त्याची बायको भेटली की दर वेळी म्हणते, आमचे हे धांदरट, म्हणून बोटं गेली. आणि मी मान हलवते. अकरा वर्षं हलवतेय, अहो." तिने घडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आधी त्याला सांगा. साहेबांच्या तोंडून त्याला कळलं तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

सकाळी मिस्त्री नऊ नंबरची वही काखेत मारून फाटकावरच्या खोलीत गेले. जोडीदार चहा पीत होता. वही बघून त्याला वाटलं सहीचं काम आहे, म्हणून त्याने टेबल पुसलं. मिस्त्रींनी उभ्याउभ्याच सांगितलं. सळई, ओरखडा, पॉलिश पेपर. एकही शब्द मागे ठेवला नाही.

जोडीदाराने कप खाली ठेवला. "म्हणजे मी रेषेच्या आत नव्हतो?"

"नव्हतास."

"मला आठवायचं की मी बाहेर होतो," तो सावकाश म्हणाला. "पण सगळे म्हणाले आत होतास. मग मलाही तसंच आठवायला लागलं. अकरा वर्षं मी माझ्या पायांना शिव्या घातल्या. पोराला बजावायचो, बापासारखा धांदरट होऊ नकोस."

मिस्त्रींना रडू आलं. त्यांनी ते आवरलं, कारण इथे रडायचा हक्क आपला नाही हे त्यांना कळत होतं.

"लिही," जोडीदार म्हणाला.

मिस्त्रींनी खुर्चीवर बसून लिहिलं. ओरखडा कुठे, किती लांब, कशाने पडला, तापल्यावर काय होतं, नळकांडं बदलल्याशिवाय तोफ चालवू नये. तारीख घातली, अकरा वर्षांपूर्वीचीही घातली आणि सही केली. जोडीदाराने वही स्वतःकडे ओढली आणि ओळीवर बोट ठेवून वाचली.

"यात मी कुठे आहे?"

मिस्त्रींना आधी कळलं नाही.

"तोफची रेषेच्या बाहेर होता. हे लिही."

सहीच्या खाली जागा थोडीच होती. मिस्त्रींनी बारीक अक्षरात ते वाक्य लिहिलं आणि त्याच्याखाली पुन्हा सही केली.

साहेबांनी पान वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "चौकशी लावावी लागेल, मिस्त्री."

"लावा साहेब."

पाहुण्याने ते पान दोनदा वाचलं. वही मिटून स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि मिस्त्रींचा हात घट्ट धरला. नळकांडं बदललं जाणार होतं, एवढं मिस्त्रींना त्यातून कळलं.

दहाच्या सुमारास ट्रक निघाले. फाटकाचा दांडा वर गेला आणि जोडीदार प्रत्येक तोफेचा नंबर मोठ्याने म्हणत फाटकाच्या वहीत खूण करू लागला. नऊ नंबर म्हणताना त्याचा आवाज बदलला नाही. मिस्त्री तिच्याबरोबर चालत फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेले आणि शेवटचा ट्रक वळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

परत आले तर दांडा खाली होता. जोडीदार त्याच्यामागे उभा होता.

"पास?" तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत त्याने मिस्त्रींना कधी पास विचारला नव्हता. मिस्त्रींनी सगळे खिसे चाचपले आणि शेवटी शर्टाच्या आतल्या खिशातून तो काढून दिला. जोडीदाराने तो उरलेल्या दोन बोटांत धरला. फोटो बघितला, मिस्त्रींचा चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला. मिस्त्री हलले नाहीत. मग त्याने पास परत दिला आणि दांडा वर केला.