अक्कांनी गिळलेली पिवळी गोळी

परवा जळगावहून लेकीचा फोन आला. रक्ताचे रिपोर्ट हातात घेऊन बसली होती... व्हिटॅमिन कमी आणि अंगातली सूज दाखवणारा आकडा वाढलेला. "आई, व्हिटॅमिनचा आणि सुजेचा काय संबंध गं?"

मला हसूच आलं. म्हटलं, हा संबंध मी तोंडात घेऊन बसले होते बाई, तुझ्याच वेळी! फोनवर अर्धवटच सांगितलं, म्हणून आज इथे सगळं लिहिते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माहेरी आई नव्हती, म्हणून माझं बाळंतपण धुळ्याला सासरीच झालं. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे... आणि बाळंतिणीच्या बाबतीत अख्ख्या गल्लीत अक्कांचा शब्द शेवटचा. कुणाच्या घरी पाळणा हलला की आधी अक्कांना बोलावणं जायचं.

त्यांचं पथ्य कडक. हिरवी भाजी बंद, बाळाचं पोट दुखतं. डाळ बंद, वात होतो. ताक-दही थंड, म्हणून तेही बंद. उरलं काय... तूपभात, शिरा आणि सकाळ-संध्याकाळ सुंठीची गोळी. मी गरोदरपणातही उलट्यांमुळे धड जेवले नव्हते, त्यावर हे.

सव्वा महिना सरायच्या आतच माझं तोंड आलं. ओठांचे कोपरे फाटले, जीभ सुजून लालभडक. त्यावर सुंठ ठेवली की ब्रह्मांड आठवायचं... जेवण तुटलं तसं दूधही कमी झालं. लेक भुकेनं रडायची आणि तिच्याबरोबर मीही.

अक्कांनीच मला कानाला फडकं बांधून रिक्षात घातलं आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी जीभ पाहिली, काय खातेस ते विचारलं. म्हणाल्या, "तोंडाच्या आतलं अस्तर रोज झिजतं आणि रोज नवं होतं. त्याला जीवनसत्त्वं लागतात. ती कमी पडली की ते भरून येत नाही, मग सूज येते, आग होते. ही एक प्रकारची उपासमारच आहे."

"उपासमार? मना घरमा?" अक्कांचा चेहरा पडला. घरचं तूप वाटीनं ओतणारी बाई ती... तिला हे किती लागलं असेल!

बाईंनी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या आणि डाळ, भाजी, ताक सुरू करायला सांगितलं. अक्कांनी गोळ्या मान्य केल्या. जेवणाचं मात्र, "बघू."

गोळी घेतली आणि लघवी हळदीसारखी पिवळी! मी घाबरून अक्कांना सांगितलं. मग काय विचारता...

"इले तं कावीळ व्हयनी! त्या गोळीनीच व्हयनी!"

गोळ्या बंद. कावीळ म्हणून तूपही बंद. आता नुसता मऊ भात. चुन्याच्या पाण्यानं हात चोळून कावीळ उतरवणाऱ्या एका बाबांकडे न्यायचंही ठरलं. इकडे मला थुंकी गिळवेना आणि दूध तर जवळजवळ आटलंच. वरचं दूध लेकीला सोसत नव्हतं. तिचं ते बारीक झालेलं तोंड बघून माझं काळीज तुटायचं.

शेवटी आमचे हे धावत डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. बाई म्हणाल्या होत्या, कावीळ नाही, तो त्या गोळीचाच रंग. जास्तीचं जीवनसत्त्व बाहेर पडतं. कुणीही घेतली तरी पिवळंच होणार.

"शिकेल लोके कायबी सांगतस," अक्का म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या नळावर ही गर्दी... आणि परसातून अक्का हातात टमरेल घेऊन जवळजवळ पळतच आल्या. साऱ्या बायांसमोर ओरडल्या, "मनं बी पिवळंच शे! आनी मी तं ठणठणीत शे!"

मग जो हशा पिकला... आपली घागर भरून वाहतेय याचंही कुणाला भान नव्हतं. अक्कांनी आदल्या संध्याकाळी माझ्या पाकिटातली गोळी गुपचूप गिळली होती.

त्याच दिवशी माझ्या ताटात मुगाची डाळ आली, पालक आला, दुधात कुस्करलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आली, वाटीभर ताक आलं. "बठ्ठं खाय, माय," म्हणून शेजारी बसून राहिल्या. जीभ हळूहळू निवली, सूज उतरली आणि दूधही आलं.

पण मला खरं कौतुक पुढच्या गोष्टीचं. गल्लीत आणखी एक बाळंतीण होती, अक्कांच्याच पथ्यावरची. अक्का न बोलावता तिच्या घरी गेल्या. "मी आधी सांगेल पथ्य सोडी द्या. मनं चुकनं." एवढा मान असलेल्या बाईनं असं दुसऱ्याच्या दारात उभं राहून म्हणायचं... मोठमोठ्यांना जमत नाही हो.

पुढे एकदा मी त्यांना चिडवलं, "अक्का, तुम्हाला तर वाटत होतं गोळीनं कावीळ होते. मग गिळलीत कशी? खरंच झाली असती तर?"

त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माले व्हयनी तं व्हवू दे. तुनं लेकरू धाकलं शे."

लेकी, तुझ्या रिपोर्टचं काय ते तुझे डॉक्टर सांगतील, त्यांचं ऐक. पण तू पोटभर दूध प्यालीस ना, ते तुझ्या आजीनं कावीळ होईल असं समजूनही गोळी गिळली म्हणून.