दियोतल्लेवी म्हणजे काय?

आम्हा कोकणी मुसलमानांना आडनाव कळलं की गाव कळतं, आणि गाव कळलं की निम्मी सोयरीक जुळते. त्यामुळे साठच्या दशकात कुवेतला आलेली माझी आई भेटेल त्याला आधी आडनाव विचारायची. फरवानिया वस्तीतल्या आमच्या खोलीत ही परीक्षा दिल्याशिवाय कुणाला जेवायला मिळत नसे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका शुक्रवारी मी आमच्या इटालियन फोरमनला जेवायला बोलावलं. भला दांडगा माणूस, कामावर शिव्यांचा पाऊस पाडायचा, पण आडनावाचा विषय निघाला की गप्प. तिकडे इटलीत त्याला नुकताच मुलगा झाला होता, आणि पोराला आपलं आडनाव लागू नये म्हणून ते बदलून घ्यायची त्याची खटपट चालली होती. कारण काही तो सांगत नसे.

आईने विचारलंच.

"दियोतल्लेवी," तो पुटपुटला.

"अरे, याच्या नावात अल्ला हाय!" आई खूश. "आपलाच हाय हा!" आणि सुरमईची सगळ्यात मोठी तुकडी त्याच्या ताटात पडली.

मी हसत हसत त्याला ते मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "अल्ला नाही, पण देव आहे. दियो म्हणजे देव. 'देव तुला वाढवो' असा अर्थ. पूर्वी चर्चच्या दारात टाकलेल्या पोरांना असली नावं द्यायचे. माझ्या पणजोबाला हे मिळालं. नाव ऐकलं की लोकांना कळतं, या घराला मूळ नाही."

मी हसू आवरलं. आई मात्र "काय म्हंतो, काय म्हंतो" करत माझ्या मागे लागली. शेवटी सांगितलं.

"मग बिघडला काय त्यात?" ती माझ्यावरच डाफरली. "तू झालास तवा मी दुसरा काय मागितला व्हता?"

पदराला हात पुसत ती उठली आणि तो हात तिने त्याच्या डोक्यावर ठेवला. "अल्ला तुला वाढवो, बाबा."

मी त्याला अर्थ सांगितला. इतका दांडगा माणूस, पण मान खाली घालून रडू लागला.

"या नावाने लोकांनी मला जन्मभर हाका मारल्या," तो म्हणाला, "पण असं कुणी म्हणालं नव्हतं." मग नाक ओढत म्हणाला, "तुझ्या आईला सांग, एकदा माझ्या मुलासाठीही तेच म्हणायला."